शुक्रवारी तारा पडत नाही

१

माझ्या सुनेची नोकरी चोरीला गेली, तीही नोकरी लागायच्या आधी. चोराने कुलूप फोडलं नाही, खिडकी उचकटली नाही, कपाटाला हात लावला नाही. शनिवारी सकाळी एक पत्र आलं, पोरीने ते उभ्याने वाचलं आणि भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसली.

मी तिसरी पास. छापील अक्षर मला लागतं, पण दमानं घ्यावं लागतं. पत्र हातात घेतलं आणि एकेक शब्द चावत वाचलं. ‘आपल्या ताऱ्यांची सरासरी तीन पूर्णांक आठ असल्यामुळे आपली निवड रद्द करण्यात येत आहे.’

“हे कुठले तारे?”

“ॲपवरचे, आई. भेट झाली की लोक देतात ते.”

“ते तर पुरे पाच होते. त्या कॅलेंडरवर रोज संध्याकाळी लिहितेस ना तू?”

“होते,” ती म्हणाली. “महिन्याभरात पडले. तुम्हाला सांगायची लाज वाटली.”

आमचा धंदा पायांचा. वय झालं की माणसाचा हात स्वतःच्या पायापर्यंत पोचत नाही, आणि नखं तर वाढायची थांबत नाहीत. जाड होतात, वळतात, मांसात रुततात. मग आम्ही जातो. कोमट पाण्याचा टब, वज्री, कानस, चिमटे. टाचांच्या भेगा, बोटांवरची कुरुपं, रुतलेली नखं. एकतीस वर्षं मी हे लोकांच्या फरशीवर गुडघे टेकून केलं. त्यात गुडघे गेले. माझ्यानंतर सुनेने पेटी उचलली. मुलगा बोटीवर असतो, वर्षातले दहा महिने पाण्यात. घरी आम्ही दोघीच.

सुनेचा हात माझ्याहून हलका आहे. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही, आणि तुम्हीही सांगायला जाऊ नका.

शहराबाहेरच्या मोठ्या वृद्धाश्रमात पायांची वेगळी खोली निघाली होती. तिथे पेशंटची खुर्ची बटण दाबलं की वर येते. सेवा करणारी बाई स्टुलावर ताठ बसते, फरशीला गुडघा म्हणून लावायचा नाही. ती खुर्ची मी स्वतः जाऊन पाहिली होती. सुनेची निवड झाली तेव्हा मी मनात म्हटलं, सुटले हिचे गुडघे.

आणि आता हे पत्र.

“रडायचं नाही,” मी म्हटलं. “चपला घाल. ज्याने कुणी हे केलंय ना, त्याला मी दिवसा तारे दाखवते.”

२

आश्रमाची व्यवस्थापिका चांगली बाई होती, म्हणजे काहीच उपयोगाची नव्हती. फाईल उघडून तिने तोच आकडा मला दाखवला.

“साडेचारच्या खाली घेता येत नाही, आजी. नियम आहे.”

“हिचं काम पाहिलंत ना तुम्ही?”

“पाहिलं. सर्वांत उत्तम.”

“मग डोळ्यांनी पाहिलेलं खरं की मोबाईलमधलं?”

ती ओशाळली. “डोळे माझे आहेत, आजी. नियम वरचे आहेत.”

“हे तारे दिले कुणी?”

“ते कुणालाच दिसत नाही. नुसती सरासरी दिसते. शेवटच्या वीस भेटींची. लोकांना मोकळेपणी लिहिता यावं म्हणून नावं झाकलेली असतात.”

बघा हं. भर बाजारात माझ्या सुनेचं नाक कापलं, आणि कापणाऱ्याला बुरखा सरकारी खर्चाने दिल्यासारखा. कारणसुद्धा लिहावं लागत नाही. खुनी माणसालाही कोर्टात दोन शब्द बोलावे लागतात.

“आकडा परत वर आला तर?”

“गुरुवारी सकाळी मी यादी बंद करते,” ती म्हणाली. “तोवर साडेचार दिसले तर हीच येईल. नाही तर यादीतली दुसरी.”

“दुसरी कोण?”

तिने सांगितलं आणि मी सुनेकडे पाहिलं, सुनेने फरशीकडे. ती दुसरी म्हणजे गुलाबी पेटीवाली. आमच्याच भागात दोन वर्षांपूर्वी आलेली, पायांचंच काम करणारी, चटपटीत पोरगी.

मला वाटलं, झालं. चोर सापडला, आणि तोही जेवायच्या आधी.

३

रविवारी सकाळी मी तिच्या दारात. ती पायऱ्यांवर बसून आपली हत्यारं उकळत्या पाण्यातून काढत होती. गुलाबी पेटी बाजूला.

“बसा, मावशी.”

“बसायला नाही आले. माझ्या सुनेचे तारे तू पाडलेस?”

ती चिमटा पुसत राहिली. “ती जागा मला हवी आहे. खोटं कशाला बोलू? पण मी नाही पाडले.”

“चोर काय, मी चोर म्हणून सांगतो?”

“मावशी, मला पाडताच येत नाहीत.” तिने मोबाईल माझ्या नाकाशी धरला. “ज्या फोनवरून भेट ठरवली, त्याच फोनवरून तारा जातो. एका भेटीला एक. मी शंभर फोन आणले तरी तुमच्या सुनेला कुणाच्या घरी ती गेल्याशिवाय तारा देता येत नाही.”

मी जरा थंडावले. “आणि दिलेला बदलता येतो?”

“देणाऱ्याला येतो. तीस दिवसांच्या आत. खाली काही लिहायचं असेल तर तेही येतं, आणि तसं लिहिलं की लिहिणाऱ्याचं नावही दिसतं. म्हणून तर कुणी लिहीत नाही.” मग ती म्हणाली, “माझंही गणित मला लागत नाही. एक घर आहे, तिथलं काम बिघडलं होतं माझ्या हातून, रक्त आलं. त्या दिवशी काहीच पडलं नाही. आणि जिथे मला सोडत नाहीत, पुढच्या वेळा आत्ताच सांग म्हणतात, त्या आठवड्यात हमखास उतरतं.”

तेव्हा ते माझ्या कानावरून गेलं. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. बाहेरचा माणूस तारा देऊ शकत नाही. म्हणजे चोर त्या चार घरांतला, जिथे माझी सून दर आठवड्याला जाते आणि जिथे तिला लेकीसारखी मानतात.

लेकीसारखी मानणारी घरं तीनच, म्हणायला हवं. चौथ्या घरात तिच्या अंगावर कपबशी आली होती.

४

घरी येऊन मी सुनेला समोर बसवलं. “एकेक घर सांग. आश्रमाची बातमी सांगितलीस तेव्हा कोण काय बोललं?”

तिने सांगितलं. सोमवारचे मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, एकटे राहणारे. बातमी ऐकून त्यांचे डोळे भरले. “सूनबाई, तू माझ्या हाताखाली शिकली असतीस तर पहिली आली असतीस,” असं म्हणाले.

मंगळवारचे घड्याळजी. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेले, साखरेचा आजार, पायाला काही लागलेलं कळत नाही. त्यांनी तिचा हात धरून ठेवला. म्हणाले, “जा पोरी, पुढे जा. आमचं काय, आमची किल्ली संपत आलेली.”

बुधवारच्या दोघी बहिणी. थोरलीने कानशिलावर बोटं मोडली, धाकटीने पिशवीतून रुमाल काढून दिला, स्वतः विणलेला.

“आणि शुक्रवारची जज्जीणबाई?”

न्यायाधीशाची ही विधवा. आम्ही सगळे तिला जज्जीणबाईच म्हणतो. तिच्या लेकीने परदेशातून सुनेची भेट दर शुक्रवारची लावून दिलेली. बाईला कुणी पायाला हात लावलेला खपत नाही. पहिल्याच दिवशी कपबशी फेकली. त्यानंतर दर शुक्रवारी टोमणे. पाणी गार आहे, हात खरखरीत आहेत, पायपुसणं वाकडं झालं.

“बातमीवर काय म्हणाली?”

“‘बरं झालं’ एवढंच. आणि दार लावलं.”

मी मांडीवर थाप मारली. “हीच ती.”

“आई, कशावरून?”

“जी तोंडावर कपबशी मारते ती पाठीमागे फुलं मारेल होय?” मी म्हटलं. “आणि ऐक. या आठवड्यात एकाही घरी जायचं नाहीस. ताप आलाय म्हणून कळव.”

“पण घड्याळजींचा अंगठा—”

“एका आठवड्यात झडत नाही अंगठा.”

ती हळूच म्हणाली, “मी तर ठरवलं होतं, आश्रमात लागले तरी रविवारी तिघांकडे जायचं. ॲपशिवाय. त्यांना अजून सांगितलं नव्हतं.”

मला तेव्हा तिचा राग आला. एवढं चांगलं असू नये माणसाने, शेजारच्यांना त्याचा त्रास होतो.

५

सोमवारी मी जज्जीणबाईच्या दिवाणखान्यात उभी. तिने मला बस म्हटलं नाही, म्हणून मी सर्वांत चांगल्या खुर्चीत बसले.

“तुम्ही माझ्या सुनेला तारे किती दिलेत?”

“तुमचा काय संबंध?”

“तिची नोकरी गेली त्यांपायी. दर शुक्रवारी तुमच्या शिव्या खाऊन यायची आणि घरी एक शब्द बोलायची नाही. मी मात्र बोलते. मी या दारासमोर उभी राहून बोलेन, आणि माझा आवाज चार मजले चढतो.”

ती उठली, चष्मा शोधला, मोबाईल शोधला, आणि दोन बोटांनी माझ्यापुढे सरकवला. चार शुक्रवार. प्रत्येकापुढे पिवळे तारे. मी बोट ठेवून मोजले. पाच. पाच. पाच. पाच.

“का?”

“का म्हणजे?” ती कडाडली. “मला नको आहे ती! मला कुणीच नको आहे. माझे पाय माझे आहेत. मुलगी ऐकत नाही. तुमची सून बोलली की तारे चांगले राहिले तर तो आश्रम तिला घेणार. मी म्हटलं, चांगलं आहे. पाच दिले. जाईल एकदाची!”

मी विचारलं, “आणि समजा तुम्हाला ती हवी असती तर?”

जज्जीणबाईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं तिच्या नवऱ्याने साक्षीदाराच्या पिंजऱ्यातल्या मूर्खाकडे पाहिलं असेल.

“तर मी तिला पाच कशाला दिले असते?”

६

घरी आले ती थेट कॅलेंडरपाशी. मला शाळा नाही, पण मोजता येतं. हिशेब साधा. वीस भेटी, प्रत्येकीला पाच, एकूण तारे शंभर. तेव्हा आकडा पाच. शंभरातले दोन तारे गेले की आकडा एका दशांशाने उतरतो. सुनेने रोज संध्याकाळी पेन्सिलीने लिहिलेलंच होतं.

बातमी सांगितली तो आठवडा. सोमवारी संध्याकाळी चार पूर्णांक नऊ. मंगळवारी चार पूर्णांक आठ. बुधवारी सात. गुरुवारी ती कुणाकडे जात नाही, सात. शुक्रवारी जज्जीणबाई. सातच.

पुढचा आठवडा. चार पूर्णांक सहा, पाच, चार. शुक्रवार, चारच. त्यापुढचा तसाच. त्यापुढचाही, थेट तीन पूर्णांक आठपर्यंत.

दर सोमवारी दोन तारे गेले. दर मंगळवारी दोन. दर बुधवारी दोन. शुक्रवारी मात्र एकही तारा पडला नाही. जिथे कपबशी फेकली तिथून पाच, आणि जिथे डोळे भरून आले, हात धरला, रुमाल दिला, तिथून तीन, तीन, तीन.

गुलाबी पेटीवालीचं बोलणं तेव्हा माझ्या डोक्यात उतरलं. जिथे सोडत नाहीत, तिथेच उतरतं.

मी सुनेला हाक मारली आणि बोट ठेवून दाखवलं.

“असं कसं, आई? त्यांना माझं काम आवडत नाही?”

“अगं वेडे, आवडतं म्हणून. तारे चांगले राहिले तर तू आश्रमात जाणार. तू गेलीस तर त्यांचे पाय कोण बघणार? ज्याला तू नको, त्याने तुला वर ढकलली. ज्याला तू हवी, त्याने तुझा पाय धरून खाली ओढली. ज्याने कुणी ही ताऱ्यांची पद्धत काढली असेल ना, त्या शहाण्याला एवढं कळलं नाही की चांगली वस्तू मिळाली तर माणूस गावभर दवंडी पिटत नाही. लपवून ठेवतो.”

“तिघांनी मिळून केलं?”

“मिळून नाही. एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत ते. प्रत्येकाला वाटलं, आपण एकटेच थोडंसं ओढतोय.”

ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिने तो विणलेला रुमाल काढला, घडी घातली आणि ओल्या फरशीवर टाकून पायाने पुसायला लागली. म्हटलं, चला, माझ्या घरात नांदल्यासारखी दिसतेय आता.

पण पुरावा? कॅलेंडरवरच्या पेन्सिलीला कोण विचारतं? ते तिघे नाही म्हणाले की संपलं. तारे त्यांच्या फोनमध्ये, तोंड त्यांचं, आणि गुरुवार तीन दिवसांवर. त्यांच्याच तोंडून काढायला हवं होतं.

मी तिघांना एकच निरोप धाडला. ‘सून काम सोडून जात आहे. मंगळवारी चार वाजता निरोप घ्यायला घरी या. मोबाईल आणा, तिला फोटो हवेत.’

७

तिघांकडचे चौघे आले. मास्तर काठी टेकत, घड्याळजी चार पायांची काठी धरून, दोघी बहिणी एकमेकींना धरून. जिना चढताना प्रत्येक पायरीवर त्यांचं कण्हणं मी आतून ऐकत होते. वरून हात द्यायला मी गेले नाही.

सुनेला मी स्वयंपाकघरात दाराआड बसवलं होतं. “मी बोलावेपर्यंत बाहेर यायचं नाही,” असं बजावून.

“कुठे चाललीय सूनबाई?” मास्तर बसायच्या आधीच म्हणाले. “आश्रमात?”

“छे,” मी म्हटलं. “आश्रमाने नाकारली. तारे पडले म्हणे तिचे.”

चौघांनी चार दिशांना पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी त्या दिवशी समोर पाहिलं.

“अरेरे,” थोरली म्हणाली, पण तिचे खांदे सैल पडले. “मग इथेच राहील की. आमच्याकडे येईल नेहमीसारखी.”

“कशी येईल? बदनाम झाली ती. पाय सांभाळायचं कामच सोडतेय. पेटी विकली. भावाकडे जातेय, लांब. परत यायची नाही.”

मास्तर उभे राहिले, काठी खाली पडली तरी कळलं नाही त्यांना.

“पण असं कसं? बदनामी कसली त्यात? तीन म्हणजे काही वाईट नव्हे! पाचात तीन म्हणजे साठ टक्के. फर्स्ट क्लास आहे तो! मी जन्मभर पोरांना—”

आणि ते थांबले.

“तीन?” मी म्हटलं. “मी आकडा बोललेच नाही, मास्तर.”

मास्तर हळूच खाली बसले.

घड्याळजी त्यांच्याकडे वळले. “तुम्हीसुद्धा?”

“तुम्हीसुद्धा म्हणजे?” मास्तर.

“मला वाटलं मी एकटाच,” घड्याळजी पुटपुटले. “बाकीचे पाच देतील, माझ्याने केसभर सरकेल काटा, तिची निवड जरा लांबणीवर पडेल. एवढंच. महिनाभर.”

“ही म्हणाली तसं दाबायला,” थोरलीने धाकटीकडे बोट केलं.

“आणि चष्मा कुणी शोधून दिला मला?” धाकटी फिसकारली. “‘चार नको, चाराने काही होणार नाही, तीन दे’ असं कोण म्हणालं?”

“गप्प बसा!” मी म्हटलं, आणि बसले सगळे. “केसाने गळा कापलात तुम्ही तिचा. एकाने डोळे भरून, एकाने हात धरून, दोघींनी रुमाल देऊन. कपबशी फेकणारी बाई तुमच्याहून बरी. तिने फेकली ती समोरून. ये गं बाहेर.”

सून बाहेर आली. दारात उभी राहिली. ती एकच वाक्य बोलली, आणि मी बोललेल्या सगळ्यावर ते भारी पडलं.

“मी रविवारी तुमच्या तिन्ही घरी येणारच होते. नोकरी लागली तरी.”

धाकटी रडायला लागली. मास्तरांनी खिशातून मोबाईल काढला. “बदलतो. आत्ता बदलतो. चारही सोमवारचे.”

“थांबा,” मी म्हटलं. “नुसते तारे नाही. खाली लिहायचं. का दिले होते ते.”

“नाव दिसेल, बाई,” घड्याळजी म्हणाले. “सगळ्यांना दिसेल.”

“दिसायलाच हवं.”

मास्तरांनी मान ताठ केली. “तारे बदलतो म्हटलं ना. हे लिहिणं म्हणजे भर चौकात नाक घासणं झालं. मी तेहेतीस वर्षं मुख्याध्यापक होतो.”

“मी एकतीस वर्षं तुमच्यासारख्यांच्या फरशीवर गुडघे घासले. नाकाचं तेवढं होत नाही. लिहा, नाही तर जिन्यावरून तुम्हाला जसं चढलात तसं उतरायचं आहे, आणि मी खाली उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळं सांगणार आहे.”

लिहिलं चौघांनी. मास्तरांनी शुद्ध लिहिलं, घड्याळजींनी बारीक लिहिलं, बहिणींनी एका फोनवर भांडत लिहिलं. मी प्रत्येकाचं दमानं वाचलं आणि मगच फोन परत दिला. ‘ही बाई इतकी चांगली आहे की ती आपल्याला सोडून जाऊ नये म्हणून मी मुद्दाम कमी तारे दिले होते.’ बारा भेटी, चोवीस तारे. संध्याकाळी सुनेने मोबाईल उघडला. पुरे पाच.

८

बुधवारी दुपारीच व्यवस्थापिकेचा फोन आला. तारे तिने पाहिले होते, पण बोलली ती खालच्या ओळींवर. म्हणाली, “आजी, अशी शिफारस मी नोकरीत कधी वाचली नाही.” एक तारखेपासून माझी सून स्टुलावर ताठ बसून काम करते. खुर्ची बटणावर वर येते. मी पहिल्या दिवशी जाऊन पुन्हा बघून आले, बटण चालतं का ते.

आता माझं ऐका. सुनेचं काम झालं म्हणून माझं झालं नव्हतं.

त्या ओळी एकदा लिहिल्या की पुसता येत नाहीत. तारे तीस दिवस बदलता येतात, ओळी नाहीत, आणि पायांचं काम करणारी कोणतीही बाई भेट घेण्याआधी त्या वाचते. चौघांनी दुसरी बाई मागितली. गुलाबी पेटीवालीला पहिलं बोलावणं गेलं. तिने कळवलं, “तुमच्याकडे चांगलं काम केलं तर माझे तारे पडतील आणि वाईट केलं तर तुमचे पाय. मला दोन्ही नको.” तिने जज्जीणबाईचा शुक्रवार घेतला. तिथे कपबशा उडतात, पण तारे पुरे मिळतात. बाकीच्याही तशाच वागल्या. दोन महिने त्या तीन घरांच्या दारात एकही पेटी आली नाही. नखं मात्र रोज वाढत होती. मला घाई नव्हती.

घड्याळजींकडे सून जाते. मला न सांगता, रविवारी, भाजी आणायला म्हणून. “साखरेच्या पायाला शिक्षा नसते, आई,” असं एकदा भांडी घासताना ती भिंतीला म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं. भाजी न आणता ती परत येते आणि मी भाजी कुठे आहे ते विचारत नाही. एवढी सूट मी दिली. पण मास्तरांना साखर नाही.

परवा दुपारी मास्तर जिना चढून आले. एकटेच. एका पायात बूट, दुसऱ्यात पुढून कापलेली चप्पल. अंगठ्याचं नख बाजूने आत रुतलेलं, भोवती लाल.

“बाई,” ते दारातूनच म्हणाले, “सूनबाईंना एकदा सांगा. एकच रविवार.”

“तिला वेळ नाही.”

“मी चुकलो. लिहूनही दिलं. आणखी काय करू?”

“आणखी काही नको. माझं समाधान झालंय.”

“मग मी आता करू तरी काय? मला वाकता येत नाही, दवाखान्यात महिन्याने नंबर लागतोय. रात्रभर ठणकतं.”

मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. समोरचं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं आणि कपाटावरून माझा हत्यारांचा जुना डबा काढला. चिमट्याला जरा गंज होता. मी तो पदराला पुसला.

“मी आहे की,” म्हटलं. “बसा.”

ते बसले. मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. वर्षभरापासून माझा उजवा हात थरथरतो. चिमटा धरला की टोकं एकमेकांवर वाजतात, टिकटिकटिक. त्यांनी ते ऐकलं. मी ऐकू दिलं.

“बाई, हात...”

“वय झालं, मास्तर. तुमचंही, माझंही.”

“सूनबाई संध्याकाळी येतील ना घरी? मी थांबतो हवं तर.”

“ती सात वाजता येते. दमून येते. आल्यावर ती कुणाच्याही पायाला हात लावणार नाही, हे मी या घरात ठरवलंय.” मी मांडीवर टॉवेल अंथरला. “जायचं असेल तर जिना तिकडे आहे. राहायचं असेल तर पाय वर घ्या.”

मास्तरांनी जिन्याकडे पाहिलं. अंगठ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी स्वतःची पोटरी धरली, डोळे मिटले आणि पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला.